आज खिरीऐवजी फुटाणे का

मंडळी, आज मुदपाकखान्यातून वेलदोड्याचा वास येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय. मघापासून सगळे तिकडेच बघताय – देवाकडे पाठ करून! सांगतो. पण आधी उत्तर द्या: एखाद्या कामावर चार हजार लोकांची नजर असेल, तर ते चुकेल का?

नाही म्हणता? मग ऐका.

आपल्या गावच्या डेअरीत ऋजुता थोपटे दूध तपासते. केमिस्ट्रीची पदवीधर. नोकरीत कायम करायचं की नाही, ते सोमवारी ठरणार. तिची एक तपासणी आहे – नळीत दूध घ्यायचं, निळा रंग घालायचा, नळी कोमट पाण्यात ठेवायची. दुधातले जंतू तो रंग घालवतात. जंतू जास्त, तर रंग लवकर जातो. दोन तासांच्या आत गेला – दूध परत! आम्ही गळा सुकेपर्यंत निरूपण करतो, पण माणसाच्या आतलं असं दिसत नाही हो.

निळं दूध पांढरं होतं, त्याच्या रील्स ऋजुता करते. बघणारे चार हजार!

आज सकाळी खिरीचं दूध आलं. हिने नळी ठेवली, मोबाइलचा स्टँड लावला. म्हणाली, रंग जायला वेळ आहे, तोवर कालच्या कमेंट वाचू. वर बघते, तर नळी पांढरी! किती वेळात? कुणास ठाऊक.

ही म्हणाली, "अरे देवा, रील राहिली." आणि नळी खळखळ हलवली. हवा मिसळली की निळा रंग परत येतो – चमत्कार नाही, रसायनशास्त्र आहे. रिटेक, मंडळी! तपासणीचा रिटेक! पुन्हा पांढरं झालं तेव्हा घड्याळ पाहिलं: पहिल्यापासून दोन तास दहा मिनिटं. वहीत लिहिलं, पास. टेम्पो निघाला इकडे, रील निघाली जगाकडे.

धडाधड बदाम आले. प्रश्न एकच आला, कॉलेजातल्या खरात मॅडमचा. "ऋजुता, सुरुवातीलाच नळीत फेस कसा?"

हिने रील लावून तो फेस पाहिला. रील पुसली असती तर? शिवाय खीर उकळते, जंतू मरतात – मनाने लगेच वकील उभा केला बघा! पण ती उठली आणि डेअरीचे मॅनेजर गवांदे साहेबांकडे गेली.

"साहेब, टेम्पो थांबवा."

"वहीत पास आहे की."

"वही चुकीची आहे. हा फेस बघा. मी नळी हलवली."

साहेबांनी रील दोनदा पाहिली. "यात तुझी नोकरी जाईल, कळतंय ना पोरी?"

"टेम्पो कुठवर पोचला असेल, साहेब?"

टेम्पो देवळाच्या कमानीशी थांबला. दुधाची पुन्हा तपासणी झाली – दीड तासात पांढरं. म्हणून फुटाणे.

नोकरीचं काय? सोमवार अजून यायचाय. गवांदे साहेब पहिल्या रांगेत बसलेत, पण चेहरा दगडासारखा ठेवलाय. आणि हे सगळं नावानिशी सांगा म्हणाली, ती ऋजुताच.

तर मंडळी, चार हजार नजरा रीलवर होत्या. नळीकडे बघायची नेमणूक एकीचीच होती. तुमची नेमणूक कुठे आहे, आणि नजर कुठे आहे?

अहो, खांबापाशी बसलेले दादा, तुम्हीच! मघापासून माझं शूटिंग करताय. मोबाइल खिशात घाला. ऋजुता फुटाणे वाटायला निघालीय. समोर आली की तिच्याकडे नीट बघा, आणि दोन्ही हात पुढे करा.