कमिंग सून

पिंगळी स्टेशनात वाल्मीक परभणीकडून येणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कासाबाई मांडीवर नारळ आणि खण घेऊन बसल्या होत्या. कॉलेजातली शिवकन्या त्यांच्या मोबाईलवरचा मेसेज वाचत होती.

"आजी, यात सुनंचं काहीच न्हाई. आदिनाथदादांनी पुण्याहून 'कमिंग सून' लिवलंय."

"तेच की. सून येयलीय. दुकानदारानं वाचून दाखवलं मला. लेकानं न सांगता लगीन केलं, असू दे म्हनलं. ओटी भरायला रोज गाडीला येते."

"आवो, ते इंग्रजी सून. म्हंजी लवकर. दादा लवकर येनार."

"एकलाच?"

"एकलेच."

"तरी चालतंय. लवकर म्हंजी कवा?"

"ते न्हाई सांगता येत. आमचे सर म्हनत्यात, लय जुन्या काळी सून म्हंजी आत्ताच, या घडीला. पन लोक सून म्हनायचे आन् उशीर लावायचे. व्हता व्हता अर्थच ढिला पडला."

"लोकांनी बिघडवला म्हन की."

"हाव. आन् आजी, मेसेज पोळ्याचा हाय. आता संक्रांत आली."

"ठावं हाय मला."

गाडी आली. वाल्मीक दारात चढला आणि वळून पाहू लागला. कासाबाई खिडक्यांतून डोकावत एकेक डबा मागे टाकत होत्या.

"आजी, आता काय बघताव?" शिवकन्येनं विचारलं.

"तू आत्ताच वाचलंस न्हवं? त्यानं जुन्या अर्थानं लिवलं असंल, तर याच गाडीत असंल."