नीहेमला तिसऱ्यांदा विचारतात

—नको म्हणालात, ऐकलं मी. पण किटली शेगडीवरच आहे, गाडीलाही वेळ आहे, आणि वेलदोड्याचा पाव सकाळीच भाजलाय — देऊ? परत ‘नको’च! अहो, मग तुम्ही आमच्यातलेच निघालात की! नाही? मग या नीहेम गावाची रीत ठाऊक नसणार तुम्हाला. आम्ही स्वीडिश माणसं पहिल्यांदा नको म्हणतो, हावरट दिसू नये म्हणून. दुसऱ्यांदाही नको, यजमानाला त्रास नको म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की ‘आता एवढा आग्रहच करताय तर’ म्हणत किटली रिकामी करतो. आमचे पाद्री तर दुसऱ्या नकारालाच खुर्ची पुढे ओढतात!

पण बाहेरच्याला हे कुठून कळणार? इथे रोर्क म्हणून तारमास्तर होता, आयरिश, सदा हसरा. त्याची पश्चिमेला बदली झाली. इथल्या एका मुलीवर जीव होता त्याचा — होती कुणीतरी. गाडी लागलेली, आणि तो म्हणतो, ‘एडला, चल, डेन्व्हरला लग्न करू.’ — काय? बाहेरच्या पाटीवरही हेच नाव? अहो, एडला इथे घरटी एक सापडेल! तर ती म्हणाली, नको. पायरीवर चढून त्यानं पुन्हा विचारलं — ती खाली मान घालून, नको. मनात म्हणतेय, आता विचारेल, आता विचारेल — पेटी भरून बाकाखाली ठेवलेली, या नाही, त्या खिडकीजवळच्या — डोक्यावर नवी हॅट. त्यानं टोपी काढली, ‘सुखात राहा’ म्हणाला. गाडीच्या दारात उभा राहून रडत होता वेडा, आणि तरी विचारेना! त्याची काय चूक? दोनदा नाही म्हटलं मी — तिनं. तिनं म्हटलं. कॉफीची रीत कॉफीपुरती ठेवावी, एवढी अक्कल त्या वयात कुठली?

मग धरलं स्टेशनातच हे कॉफीचं दुकान. वाटायचं, उतरेल कधीतरी. पुढे लग्न केलं म्हणे त्यानं — करणारच की बापडा. तरी गाडी आली की मी दाराकडे बघणारच. उद्यापासून ती इथे थांबणार नाही, ठाऊक आहे ना? आता बघायलाही काही नाही उरलं.

ही बघा, शिटी झाली. कॉफी घेता ना? तिसऱ्यांदा विचारतेय — हं, घ्या. सावकाश, पोळेल. पैसे राहू द्या.

काय? मी? तुमच्याबरोबर डेन्व्हरला? छे, काहीतरीच! नको.

...नको हो, आता या वयात कुठे — आणि हे कप कोण धुणार? — अहो, हलली गाडी! पळा, पळा! सुटेल तुमची —

अहो —