करकोचे उठल्याशिवाय

मी हट्टाला पेटलो की कुणाचं ऐकत न्हाई, तुमाला माहीतच हाय. हिवाळ्यात आलेले करकोचे उन्हाळा लागला की थव्यानं उत्तरेला निघतात. ते एकदा बघायचंच म्हणून गेलतो युसूफ वडगाव ह्या गावाकडं आन् धरणाच्या पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर दुर्बीण घेऊन बसलो. दोन-तीन दिवस रोज तिथंच. शेवटी शेजारच्या रानाचे मालक, बापूराव, आले.

"साहेब, पाटबंधारेवाले का तुमी?"

"न्हाई. पाखरं बघतोय."

"पाणी उचलायला बंदी हाय. तुमच्या भीतीनं आमी इंजनं बंद ठेवलीत, ऊस वाळायलाय."

"मग चालू करा की. मला कशापायी इचारता?"

"आदी तुमी उठा."

"करकोचे उठल्याशिवाय मी उठत नसतो."

बापूरावांनी माझी दुर्बीण मागून घेतली, पाण्याकडं नीट बघितलं आन् फोन लावला.

"खरंच पाखरंच हायत बे. लावा सगळी इंजनं एकदम."

काठानं धडधड सुरू झाली आन् अख्खा थवा डोक्यावरून गेला, तोही दक्षिणेला.

बापूरावांनी दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

"उठले बघा. उठा आता."