आबांची दोन मिनिटं

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या प्रयोगात घड्याळ धरलं होतं, ते सांगितलंय का तुम्हाला? पीएचडीचं तिसरं वर्ष. बॅक्टेरियांना चांगलं खाद्य द्यायचं आणि दर दोन मिनिटांनी नमुना काढायचा. आबा उचगावहून माझ्यासाठी दूध घेऊन आले होते. त्यांना स्टुलावर बसवलं आणि हातात घड्याळ दिलं. ‘झाली गं दोन मिन्टं!’ असं ओरडायचे, की शेजारच्या लॅबमधली माणसं डोकावायची.

चौथ्या नमुन्याला त्यांनी बॅक्टेरियांची संख्या दाखवणाऱ्या यंत्रावरचा आकडा बघितला, तो होता तेवढाच होता. ‘खाऊन बी वाढंनात की ह्ये!’

मी म्हटलं, ‘आबा, संख्या उशिरा वाढते. खाणं मिळालं की आधी ते आतल्या आत आरएनए भराभर बनवायला लागतात. ती वाढायची तयारी. मी तीच मोजतेय. बाहेरून बघून कळत नाही.’

‘व्हय?’ म्हणाले, आणि पुन्हा घड्याळाकडं बघत बसले.

पुढच्या महिन्यात घरी जेवण होतं. भर पंगतीत थोरल्या आत्यानं विचारलं, ‘तीन वर्सं झाली, हिचं काय फुडं सरकंना व्हय?’ माझा घास हातातच राहिला.

आबा वाढत होते. ‘आक्का, आत भराभर काम चाललंय तिचं. भायनं बघून न्हाय कळायचं.’

मग माझ्या ताटात आणखी एक पळी रस्सा ओतला. ‘तू खा गं. आधी खाणं लागतंय, तूच म्हणालीस की.’