पक्की दुरुस्ती

पूर्ण नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. बाजारात करवतवाली काकू म्हणून ओळख. वय एकोणसाठ वर्षे. धंदा साखळी करवती आणि कटर दुरुस्ती. राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, एकटी.

ठाण्यात बोलावल्यावरून आज स्वतः येऊन, कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, सांगते ते असे की, वरील दुकान माझे पती चालवत. ते वारल्यापासून अकरा वर्षे मी चालवते. झाडे छाटणाऱ्यांच्या पेट्रोलवरच्या करवती माझ्याकडे येतात. शेंडेवाले या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ, वय सदुसष्ट, हे माझे गिऱ्हाईक. झाडाच्या पार शेंड्यापर्यंत चढायचे म्हणून हे नाव पडले. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याने दगा दिला, तेव्हापासून चढणे बंद आहे. तेही एकटेच राहतात.

त्यांच्या पुतण्याने तक्रार दिली आहे की, गेल्या बुधवारी मी त्यांच्या घराची कडी कापून आत शिरले आणि दोन दिवसांनी करवत पळवली. कडी कापली हे खरे. करवत नेली हेही खरे. पळवली हा शब्द पुतण्याचा.

सदर करवतीवर विचित्र नुकसानीच्या खुणा आणि तात्पुरत्या दुरुस्त्या आहेत, त्या कोणाच्या, असे विचारल्यावरून सांगते की, नुकसान शेंडेवाल्यांनी केलेले आहे आणि दुरुस्त्या माझ्या. पहिल्यांदा त्यांनी चेन उलटी बसवून आणली. चाळीस वर्षे झाडे कापलेला माणूस चेन उलटी बसवेल का? मी सुलटी करून दिली. पुढच्या बुधवारी स्टार्टरची दोरी तुटली म्हणून आले. दोरी सुरीने कापून, झिजल्यासारखी दिसावी म्हणून टोक हाताने पिंजले होते. एकदा तेलाच्या भोकात मेणबत्तीचे मेण. एकदा एअर फिल्टरमध्ये पीठ, तेही चाळलेले. मी म्हटले, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "हल्ली धूळ फार झालीये हो, मिस्त्री." मला मिस्त्री म्हणणारे ते एकटेच. बाकी सगळ्यांची मी काकू.

कळत होते तर गप्प का राहिले, असे विचारता सांगते की, मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. पेट्रोलच्या नळीला बॉलपेनचा तुकडा जोडायचे, तो पेट्रोलने आठ दिवसांत मऊ पडतो. तार बांधायची तर एकपदरी. दुपदरी बांधली की महिना निघतो. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवले नाही.

दर बुधवारी साडेदहाला ते यायचे, "पेशंट आणलाय" म्हणायचे, स्टुलावर बसायचे, एकला जायचे. काय बोलणे व्हायचे म्हणाल तर विशेष काही नाही. कोणते लाकूड चेनला चिकटते, गुडघा, पुतण्याचा फोन आला नाही. बाकी सहा दिवस माझ्या दुकानात कोणी बसत नाही. मशीन टेकवतात, कधी मिळेल विचारतात, जातात.

गेल्या महिन्यात एका बुधवारी समोरचा चहावाला चार माणसांत म्हणाला, "काकू, मशीन दुरुस्त होतंय की माणूस?" सगळे खिदळले. माझा राग मुळातच नाकावर. त्या दिवशी शेंडेवाले क्लचची स्प्रिंग मोडून घेऊन आले होते. मी ओरिजिनल स्प्रिंग टाकली. नवी नळी, नवी दोरी, एकूण एक नट आवळला. म्हटले, "आता दोन वर्षं हिच्याकडे बघायला नको." ते करवतीकडे बघत राहिले. म्हणाले, "पक्कं केलंत म्हणजे." मी म्हटले, "पक्कं." ते उठून गेले. चहा तसाच राहिला. ती दुरुस्ती ही माझी चूक आहे. हवालदार म्हणतात, अशा चुकीला कलम नाही. नसू दे, लिहा.

त्यानंतरचे दोन बुधवार ते आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी अकरापर्यंत वाट पाहून मी निघाले. सोबत लोखंड कापायचा बॅटरीवरचा कटर होता, म्हणजे कडी कापायची आधीच तयारी होती, असे पुतण्याचे म्हणणे आहे. त्यावर सांगते की, रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने जाणार होते? म्हणून आदल्या दिवशी मी माझ्याच कटरचा गार्ड, म्हणजे फिरत्या डिस्कवरचे झाकण, हातोडीने वाकवला. म्हणणार होते, "बघा हो जरा, हा घासतोय." पंचनाम्यात गार्डवर संशयास्पद घाव असे लिहिले आहे, ते घाव माझे. या वयात ही थेरं. पण केली.

घरी पोचले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. दाराला आतून कडी. हाका मारल्या. आतून फरशीवर लोखंड आपटल्याचा आवाज आला, थांबून थांबून. शेजारचे एकही दार उघडले नाही. मी फटीतून डिस्क घालून कडी कापली. गार्ड वाकडा म्हणून ठिणग्या उजव्या मनगटावर आल्या, भाजल्याचा दाखला जोडला आहे. शेंडेवाले स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते, उजवी बाजू लुळी, डाव्या हातात कानस. आदल्या संध्याकाळपासून पडलेले असावेत, असे डॉक्टर म्हणतात. शेजारी करवत, क्लच उघडलेला, स्प्रिंगवर कानशीचे ओरखडे. ओरिजिनल स्प्रिंगवरून कानस नुसती घसरते. जवळजवळ तीन आठवडे ते ती मोडायला बघत होते. मला पाहून त्यांनी तोंड हलवले. शब्द धड फुटत नव्हते, पण मला कळले. "मोडत नाही हो, मिस्त्री." मी फोन केला. रुग्णवाहिका यायला बावीस मिनिटे लागली. तेवढा वेळ मी फरशीवर त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले आणि रडले.

करवत का नेली, असे विचारल्यावरून सांगते की, रुग्णालयात मला आत सोडत नाहीत. फक्त नातेवाईक. दारावरचा माणूस विचारतो, तुम्ही त्यांच्या कोण, आणि मी परत फिरते. नर्स म्हणाली, हातात जोर परत येईल, पण ते व्यायामच करत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. म्हणून शुक्रवारी परत त्यांच्या घरी जाऊन करवत नेली. ओरिजिनल स्प्रिंग काढली, सायकलच्या तारेची वळून बसवली आणि ती मी स्वतः निम्मी घासली आहे. नळीला पुन्हा बॉलपेन लावले आहे. करवत आज ठाण्यात जमा करत आहे. ती पुतण्याकडे न देता त्यांच्या हातात द्यावी, आणि एवढा निरोप सांगावा की ही आठ दिवसांच्या वर चालणार नाही, मिस्त्रीची गॅरंटी आहे.

इथवरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. मनगट भाजल्यामुळे सही डाव्या हाताने केली आहे, ती माझीच.