एकीच्या दंडावरचा वण

माहेर आमचं भंडाऱ्याकडचं, धानाचं गाव, अन् सासरबी तिकडचंच, तं भिलाई म्हणजे काय हे मले कुठं ठाऊक. आमचे हे पयले आले, कारखाना बांधून राहिले होते तवा, खलाशी म्हणून लागले, लोखंडाचे मोठे मोठे गर्डर साखळीनं वर चढवाचे. मंग मले अन् आत्याबाईले, म्हणजे माह्या सासूले, बोलावून घेतलं. राहाले टिनाची खोली, कॅम्पात, एका रांगेत सारे, तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, मराठी. तिथंच मले जुळ्या पोरी झाल्या, शांता अन् कांता, घरात आमी शांती अन् कांती म्हणो. काय सांगू तुमाले, दोघी इतक्या सारख्या का मीच माय अन् मलेच समजे नाई कोणतीले पाजलं अन् कोणती उपाशी हाये.

आत्याबाईनं शांतीच्या पायात काळा दोरा बांधला, तो तिनं चोखून चोखून तोडला. मंग देवी काढणारा आला, टीकेवाला बाबू म्हणत तिकडं. त्या दिवशी कांतीले ताप होता, हगवण होती, बाबू म्हणे इसको बाद में, अन् शांतीच्या दंडावर टोचून गेला. ते पिकलं, खपली धरली, खपली पडली अन् चवलीएवढा वण राहिला. तवापासून झालं सोपं. हे डूटीवरून आले का पयले बाही वर करत, वण दिसला का शांती, नाई दिसला का कांती. शेजारची बैसाखिन, छत्तीसगढी बाई, आमी दोघी संगंच रेजाकाम करत होतो, गिट्टीच्या टोपल्या वाहत होतो, तेबी तसंच पाहे. मले मोठं बरं वाटे त्या वणाचं. बाबू बाद में म्हणून गेला तो काई लवकर आला नाई.

पोरी चालाले लागल्या अन् कॅम्पात माता आली. माता म्हणजे देवीचा रोग, तुमी पाह्यला नसन, मी पाह्यला, अंगावर बोट ठेवाले जागा राहात नाई. पयले मागच्या रांगेतलं एक लेकरू गेलं. मंग दारोदारी कडुनिंबाचे डहाळे दिसाले लागले, ज्या दाराले डहाळा त्या घरी माता. मी कामावरून येतानी डहाळेच पाहात येत होती. भेव कशाचं, तं कांतीचं. शांतीले वण होता, कांतीचा दंड कोरा. ज्या कोऱ्या दंडावरून पोरगी ओळखू येये, तोच दंड पाहून आता भाकर गोड लागे ना, डोक्यावर टोपली अन् ध्यान सारं घरी.

एक दिवस घरी आली तं टिनाच्या दारावर खडूनं लिवलेलं. आत्याबाई म्हणे बाबू येऊन गेला, दोघीईचं झालं. मी हात जोडले, डोळ्याले पाणीच आलं माह्या. मंग पोरीईले आंग धुवाले घेतलं अन् कांतीचं झबलं काढलं तं दंड जसाच्या तसा, ना खरचटलं ना लाल झालं. मी म्हटलं आत्याबाई, कुठी टोचलं हो? त्या चुलीत फुकत बसल्या. बैसाखिन त्या दिवशी कामावर गेली नव्हती, तिनं सारं पाह्यलं होतं, ते दारातून म्हणे, तोर सास ह एके झन नोनी ला दू बेर देखाइस. म्हणजे तुह्या सासूनं एकच पोरगी दोनदा दाखवली. शांतीले नेलं, बाबूनं वण पाह्यला, हो गया म्हणे, तिले आत आणलं, कांतीचं लाल झबलं घातलं अन् पुन्हा तिलेच बाहेर नेलं, का हे दुसरी. कांती आत बाजेवर झोपून होती.

मी म्हटलं तुमाले पोरगी मारून टाकाची हाये काय. तं बुढी ढसाढसा रडाले लागली. म्हणे गावात माता असतानी माह्या पयल्या पोराले टोचलं, माता कोपली अन् तो गेला, आता माह्या डोळ्यापुढं अजून एक नको. मले भेव न टोचल्याचं, तिले भेव टोचल्याचं, अन् दोघीईच्या मधात ते लेकरू.

सकाळी कामावर खाडा केला. बाबू कुरुदकडच्या कॅम्पात हाये असं समजलं. एक पोरगी मी घेतली, एक बैसाखिननं, दोघीईले नेणं भागच होतं, एकटीले पाहून त्यानं मानलं नसतं. लाल धूळ, डंपर जाऊन राहिले, अन् ज्या दाराले डहाळा दिसे तिथं मी कांतीचं तोंड पदरात झाकून धावत सुटे. बैसाखिन मागून म्हणे, धीरे रेंग दाई. मी कायची हळू चालते.

बाबू म्हणे कल तो दोनों को देखा मैंने. मी दोघीईले बाजूबाजूनं उभं केलं अन् बाह्या वर केल्या. त्यानं एकीकडं पाह्यलं, दुसरीकडं पाह्यलं, टोपी काढून डोकं खाजवलं. मंग म्हणे दूसरे हाथ में लगा दूँ क्या, पहचान रहेगी तुमको. चांगला माणूस होता. मी म्हटलं नाई बाबूजी, त्याच हातावर, त्याच जागेवर. येडी म्हणा मले, पण आत्याबाईचं बोलणं माह्याबी मनात बसलं होतं, माता खरंच शोधत आली तं तिले समजलंच नाई पाहिजे का आता टोचलेली कोणती.

मंग कांतीले ताप भरला. आता हा टोचल्याचा का मातेचा, कोण सांगन? घरात मातेच्या भेवानं फोडणी बंद. आत्याबाई दंड पाहे अन् मी तोंड पाहे, मच्छर चावला तरी फोड समजून दिवा जवळ नेऊन पाहो. दंड फुगला, पिकला, खपली धरली. तोंडावर काई आलं नाई. खपली पडली तवा आत्याबाईनं तिले मांडीवर घेतलं ते उठलीच नाई, सैंपाक तसाच राहिला.

त्या दिवशी हे आले, सवयीनं एकीची बाही वर केली, म्हणे शांती. दुसरीची केली, म्हणे शांती. मंग माह्याकडं पाहात राहिले, अवो, मंग कांती कोणती? मलेबी पक्कं सांगता आलं नाई. लय दिवसांनी हासली मी तवा. मोठ्या झाल्या तशा उमजाले लागल्या, शांती भात पयले संपवे, कांती डाळ पिऊन घे, असं काईबाई.

आता शांती इथंच भिलाईजवळ उतईले हाये, कांती नागपूरले, दोघी आज्या झाल्या, सुखी राहोत. देवीचा रोग जगातूनच गेला म्हणतात, बरं झालं. पण माह्यं भेव नाई गेलं, काय करता. एक समोर आली का मले वाटते दुसरीले कोणी मागं ठेवलं. फोन येते, आवाज दोघीईचा एकच, माय म्हणते, तं कोण बोलून राहिली हे मी लगेच विचारत नाई. पयले म्हणते, दुसरी कशी हाये? ते म्हणते बरी हाये माय. मंग मी नाव विचारते.