टिटवीचा चष्मा

नाही, मघाशी उजवा कान दुखत होता तुझा — त्या वाटाड्याला सांगितलंस तेव्हा हात उजव्यावर होता — आणि आता डावा धरून बसलायस. धर बाबा, दोन्ही धर. हे बघ, सकाळपासून मी तुला अहो-जाहो करत होते, नातीला बघायला आलेलं स्थळ आहे, उद्या घरचा जावई झालास तर म्हातारीला रीतभात नाही असं नको व्हायला. आता नाही करणार. गुहेच्या तोंडापर्यंत ऐटीत गेला आणि घोटाभर पाण्यातून माघारी फिरला, त्याला अहो-जाहो कोण करतं? बस असा. तिकडे टोकाला नको, इकडे पत्र्याखाली बस, आणि ते डोक्यावरचं टोपडं काढ — काढ म्हणते ना — आत जायचंच नाही तर कसला दगड पडणार आहे तुझ्या डोक्यात? पडलं तर माकडानं उष्टावलेलं फळ पडेल.

राष्ट्रीय उद्यान म्हणे! उद्यान म्हटल्यावर मला वाटलं, फुलं असतील, कारंजं असेल, बसायला हिरवळ असेल. बघते तर नुसतं रान. झाडावर वेल, वेलीवर माकड, माकडाच्या हातात कुणाची तरी पाण्याची बाटली. गवतात पाऊल टाकलं की जळू. उन्हात उभं राहिलं तर माणूस भाजतं आणि सावलीत उभं राहिलं तर शिजतं. आणि ह्याच्यासाठी लोक विमानानं येतात! रांग लावतात, ती केशरी जाकिटं घालतात — सगळे एकसारखे दिसतात, आपलं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं ओळखावं कसं? — आणि मग शिरतात कशात, तर अंधारात. घरी जरा वेळ दिवे गेले तर गावभर बोंब मारणारी माणसं इथे तिकीट काढून अंधार बघायला जातात. अंधार बघतात कसा, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. आणि वास! वटवाघळांनी आत किती वर्षं काय साठवलंय ते मी ह्या बाकावर बसून सांगते तुला. तिथे जाऊन पुन्हा पोहायचं. घरची न्हाणी काय वाईट होती?

बरं, ही अक्कल कुणाची? तुझीच ना! दोन घरच्या माणसांनी एकमेकांना बघायचं तर चहा पिऊन बघावं, चार खुर्च्या मांडाव्यात, मुलीनं खाली बघावं, मुलानं छताकडे बघावं — झालं. तर तुमच्याकडून निरोप आला, छे छे, जुन्या पद्धतीनं नको, आपण सगळे उद्यानात जाऊ, गुहा बघू, पोहू. माझी सून तर हुरळूनच गेली. तिची बहीण, म्हणजे मुलीची मावशी, तिनंच हे स्थळ आणलेलं, ती आम्हांला सांगून गेलेली की मुलगा असा तसा नाही, सुट्टी मिळाली की डोंगरात, नाहीतर गुहेत, मासा आहे मासा! मासा! — आणि आता मासा माझ्या शेजारी कोरडा ठणठणीत बसलाय. आणि सगळे मोठे कुठे, तर तुझे आईबाप आणि माझे लेक-सून तिकडे फाटकाजवळच्या कँटीनमध्ये, व्याही झाल्यासारखे टाळ्या देत बसलेत. मला इथे पाठवलं. आजी, तुम्ही मुलांवर लक्ष ठेवा. ठेवतेय की. एकावर ठेवतेय.

काय? मावशीनं? तुम्हांला काय सांगितलं मावशीनं? — मुलगी पोहण्यात पटाईत, गुहा म्हटली की जीव टाकते? — असं म्हणाली? — म्हणून तू... तिला बरं वाटावं म्हणून तू उद्यान म्हणालास? तुला स्वतःला नको होतं? — अरे देवा. अरे, त्या बाईच्या जिभेला... बरं. बरं, आहेच ती. पटाईतच आहे आमची टिटवी. टिटवी म्हणते मी तिला, जन्मल्यापासून ओरडते म्हणून. पाल दिसली, ओरड. दूध उतू गेलं, ओरड. आनंद झाला तरी ओरड. बघितलंस ना कशी सरसर गेली आत, तुझ्या बहिणीच्या मागोमाग? मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तुझी बहीण मात्र खरी पोहणारी दिसते, खांदेच सांगतात. वाटाडा म्हणत होता ना, आधी गुडघाभर पाणी, मग कंबरभर, मग ते मोठं डोहासारखं, तिथे पाय टेकत नाहीत, दोरीला धरून पलीकडे जायचं. हां, तिथेच. तिथपर्यंत गेल्या असतील आता.

माझ्या मांडीवर काय बघतोस? तिचे कोरडे कपडे आहेत. मला सवय आहे. आमचे हे — तिचे आजोबा — त्यांना भीती नावालासुद्धा नव्हती. विहीर दिसली, मार उडी. नदीला पूर आला, सगळे माघारी पळताहेत, आणि हे सदरा काढताहेत. सदरा काढायचा नि माझ्या अंगावर फेकायचा. लोक काठावर उभं राहून वाहवा करायचे आणि मी सदरा पोटाशी धरून उभी. एकदा म्हटलं, मलाही शिकवा की पोहायला. तर म्हणाले, तू पाण्यात उतरलीस तर कपडे कोण धरणार? सगळे हसले. मीही हसले, चारचौघांत दुसरं काय करायचं? चांगले म्हातारे होऊन अंथरुणात गेले, पाण्यानं काही केलं नाही त्यांना. पण एवढ्या वर्षांत एकदा, एकदा तरी काठाकडे वळून विचारलं असतं, अगं, तुला भीती वाटते का? — नाही. शूर माणसाला फुरसत नसते. जाऊ दे. तुला कशाला सांगतेय मी हे? तू काही शूर नाहीस.

गप्प बस जरा. — माहितीय, तू काही बोलला नाहीस. तरी गप्प बस.

मघाशी येत होता बघ तिचा आवाज. गुहेच्या तोंडाशी ओरडली, मग जरा आत गेल्यावर ओरडली, ते घुमून घुमून बाहेर आलं, ती माकडंसुद्धा दचकली. म्हटलं, ठीक आहे, ओरडतेय म्हणजे ठीक आहे. आता बराच वेळ झाला काही नाही. तुझी बहीण हसल्यासारखी वाटली मध्ये एकदा. आमची नाही. ओरडली नाही म्हणजे... ती ओरडते तेव्हा काही नसतं रे. ती गप्प होते ना, तेव्हा खरी घाबरलेली असते. जाकीट आहे म्हणा अंगात. जाकीट बुडू देत नाही म्हणे. पण जाकिटाला काय कळतं, आत कोण घाबरलंय ते? आणि काल संध्याकाळपर्यंत सांगत होते मी, सोड हा हट्ट, नाही म्हणून सांग — तर बादलीत तोंड घालून श्वास धरायला शिकत होती, वेडी, नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला तरी पुन्हा आपली बादलीत —

काय? बादली? मी कुठे बादली म्हणाले? ऐकू कमी येतं तुला, दोन्ही कान दुखतात ना. — असा बघू नकोस माझ्याकडे. — हो. नाही येत. पोहता नाही येत तिला. कंबरेच्या वर पाणी कधी बघितलं नाहीय तिनं. मावशीनं तुझं इतकं गुणगान केलं, म्हणाली असला मुलगा मिळायचा तर जरा धीट हो, म्हणून. पोरीनं स्वतःच्या गळ्याची शपथ घालून ठेवलीय मला, आजी तू बोललीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. झालं तुझं समाधान? तू तिच्यासाठी आलास, ती तुझ्यासाठी आली, दोघांपैकी एकालाही नको होतं, आणि ती मावशी मजेत घरी पंख्याखाली बसलीय. शहाणी माणसं! शिकलेली माणसं!

उठलास का? — हा? हा चष्मा. तिचाच. कपड्यांत गुंडाळून दिला होता. मावशीनंच सांगितलं, त्यांच्यासमोर चष्मा नको. — तुला ठाऊक होतं? कधीपासून? — नाकावरच्या खुणा दिसल्या? बरंच बारीक बघतोस की. हो, तू सकाळी पाण्याची बाटली पुढे केलीस तेव्हा तिनं शेजारची हवा धरली, तेव्हाच मला वाटलं, आता कळलं ह्याला. काही बोलला नाहीस पण. हातातच दिलीस मग बाटली. ते मी बघितलं होतं.

अरे, पण तू कुठे निघालास? तुला काय जमणार आहे? वाटाड्याला हाक मार, त्या तिकीटवाल्याला सांग — तू स्वतः कशाला? घोटाभर पाण्यातून माघारी फिरलास, मी बघितलं ना ह्या डोळ्यांनी. आत जाऊन काय करशील, तिच्याबरोबर बुडशील? — बरं, दे ते टोपडं इकडे, उलटं घातलंयस. बटण दाब. दाब की, दिवा लागायला नको? चष्मा खिशात नको ठेवूस, मोडेल. हातात धर. आणि पाय टेकतात तोवरच जा, दोरीच्या अलीकडच्या टोकाशी उभा राहा, पुढे नको. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस तिला. सांग, चष्मा द्यायला आलो. बास. बाकीचं तिचं ती ओळखेल.

जा मग, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? — अरे, हात कशाला एवढा वर धरलायस? पाणी अजून घोट्याला आहे! बघा हो, ह्याला म्हणे मासा! — सावकाश! दगड बघून पाय टाक! — हाक मार आता. मोठ्यानं! एवढ्या हळू कोण हाक मारतं, लग्न करायचंय ना तिच्याशी? — हां. अशी. — अजून एकदा.

आता गप्प. ऐकू दे मला.